खोळंब्याचा हिशेब

फेब्रुवारी उजाडला की आमच्या तासगाव भागातल्या, निर्यातीची द्राक्षे भरण्याच्या पॅकहाऊसमध्ये रात्र कुठे संपते आणि दिवस कुठे सुरू होतो हे कळेनासे होते. पहाटेच्या गारव्यात तोडलेला माल क्रेटमधून येतो, लांबच लांब टेबलांशी उभ्या असलेल्या बायका कात्रीने घडातले डागी मणी अलगद काढून टाकतात, अर्ध्या अर्ध्या किलोच्या डब्यांत घड बसवले जातात, डबे पेटीत जातात आणि पेट्यांची थप्पी प्रीकूलिंगच्या खोलीत. तिथे सहा-आठ तासांनी मण्याच्या गरापर्यंत गारवा पोचला आणि पारा शून्याच्या आसपास आला की माल रीफर कंटेनरमध्ये, म्हणजे आत गारवा राखणाऱ्या मोठ्या पेटीत, चढतो. दार बंद होते, सील लागते, सीलचा नंबर मी माझ्या हाताने कागदावर लिहितो आणि ट्रेलर कराड-साताऱ्याच्या दिशेने निघतो. हे काम मी अठरा वर्षे करतो आहे.

कागदपत्रांचा माणूस म्हणून मला या व्यवहारातल्या नोंदींचा आजवर अभिमानच वाटत आला. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीमुळे रॉटरडॅमच्या गोदामातली एक पेटी हातात घेऊन तिच्यावरच्या क्रमांकावरून मणेराजुरीच्या किंवा सावळजच्या नेमक्या बागेपर्यंत मागे येता येते. त्या बागेत कोणते औषध कधी फवारले, त्या औषधाचा मालात किती अंश उरला याचा अहवाल काय आला, माल कोणत्या तारखेला कोणत्या पॅलेटवर चढला, हे सारे लिहिलेले असते. पेट्यांमध्ये ठेवलेले तापमान नोंदवणारे छोटे यंत्र समुद्रातल्या प्रवासभर द्राक्षांना किती ऊब लागली आणि किती थंडी मिळाली याची जंत्री लिहीत राहते. परदेशातला खरेदीदार ती जंत्री मागतो आणि अर्ध्या अंशाच्या फरकावरूनही वाद घालतो.

२०२४ च्या फेब्रुवारीतली एक रात्र आणि तिच्यापुढचा एक दिवस माझ्या मनातून जात नाही. त्याआधी नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले होते आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालण्याचा निर्णय घेतला होता. युरोपला जाणाऱ्या मालाचे दहा-पंधरा दिवस वाढले, भाडी वाढली, परतणारी जहाजे उशिरा येऊ लागली आणि वेळापत्रके दर आठवड्याला बदलू लागली. येमेनच्या किनाऱ्याजवळ घडणाऱ्या गोष्टीचा धक्का आमच्या बागायतदाराला कसा बसतो हे त्या हंगामात सर्वांनी पाहिले, त्यावर बातम्याही आल्या आणि चर्चाही झाली. मला जे सांगायचे आहे ते त्या चर्चेत कुठे नव्हते.

आमचा एक कंटेनर भरून निघाला आणि वाटेतच निरोप आला की जहाजाची तारीख पुढे गेली आहे, बंदरात माल आत घेण्याची वेळ अजून लागलेली नाही, तोवर गाडी बाहेर थांबवा. ट्रेलरवर नाना होते. जत तालुक्यातल्या एका वाडीचे, पन्नाशी ओलांडलेले, आमच्याकडे दहा-बारा हंगाम खेपा करणारे. त्यांनी महामार्गालगतच्या एका तळावर गाडी लावली. रीफरचे यंत्र जनसेटवर, म्हणजे गाडीवरच्या जनरेटरवर, चालते, त्याला डिझेल लागते आणि ते बंद पडले तर काही तासांत आतल्या मालाचा विचका होतो. जनसेटमधले डिझेल चोरीला जाण्याची भीती असते, म्हणून चालकाला गाडी सोडून हलता येत नाही. नाना तिथे एकतीस तास होते. त्या एकतीस तासांत मी त्यांना सहा वेळा फोन केला. पडद्यावर आकडा काय दिसतो, यंत्राचा आवाज नेहमीसारखा आहे ना, डिझेल किती उरले, एवढेच मी विचारत होतो.

सहाव्या फोनला ते म्हणाले, “भाऊसाहेब, माल गार हाय, काळजी करू नगा. पर कालधरनं सा येळा फोन केलासा, साऱ्या फोनात मशीनचंच इचारलंसा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित काहीतरी समर्थन केले असते. “जेवलासा का” हे विचारायला आपल्या भागात ओळख लागत नाही, वाटेने जाणाऱ्या परक्या माणसालाही आपण ते विचारतो, आणि मी दहा वर्षांच्या ओळखीच्या माणसाला ते विचारले नव्हते. नंतर कळले की तळाच्या आसपास संडास नव्हता, पाण्याची सोय दीड किलोमीटरवर होती आणि नानांनी आदल्या रात्री घरून बांधून आणलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत पुरवून खाल्ल्या होत्या. पाठीमागच्या पेटीत वीस पॅलेट द्राक्षे शून्य अंशावर होती आणि पुढच्या केबिनमध्ये दुपारी पत्रा तापत होता. ट्रकच्या केबिनला वातानुकूलन असलेच पाहिजे हा नियम आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना लागू झाला. त्याआधी बनलेल्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत, आणि नानांची गाडी त्यांतलीच आहे.

वाहतुकीच्या धंद्यात थांबण्याला किंमत नसते असे कुणी म्हणू नये. थांबण्याचा हिशेब इतका काटेकोर असतो की त्यावर वाद होऊन व्यवहार मोडतात. कंटेनर ठरलेल्या मोफत दिवसांपेक्षा जास्त काळ बंदरात पडून राहिला तर डेमरेज लागते, बंदराबाहेर जास्त दिवस ठेवला तर डिटेन्शन लागते, आणि हे दंड दिवसागणिक चढत्या दराने वाढतात. जहाजाच्या खोळंब्याचा तर तासांवर हिशेब होतो. ट्रेलर थांबला तर त्यालाही हॉल्टिंग म्हणून काही रक्कम कराराच्या कागदावर असते. ती वाहतूकदाराला मिळते की नाही हा भांडणाचा विषय, आणि मिळालीच तर ती गाडीची असते, गाडीच्या हप्त्यात जाते. चालकाला खेपेचा ठरलेला भत्ता मिळतो. खेप दीड दिवसात झाली काय आणि चार दिवसांत झाली काय, भत्ता तोच. म्हणजे पत्र्याची रिकामी पेटी उभी राहिली तर तिच्या प्रत्येक दिवसाचे पैसे कुणाला तरी मोजावे लागतात आणि तिच्याशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या दिवसाचे पैसे कुणालाच मोजावे लागत नाहीत. एखाद्या गोष्टीचे पैसे मोजावे लागत नसतील तर ती वाया घालवताना कुणाचा हात आखडत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

कायदा नव्हता असेही नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने चालकासाठी दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक उद्योगाला लागू होता. आपल्याकडचे चित्र पाहावे तर एक गाडी, दोन गाड्या, फार तर तीन गाड्या, आणि मालक स्वतःच एका गाडीवर बसलेला. नानांच्या मालकाच्या दोन गाड्या आहेत. तोही कर्जात आहे आणि त्यालाही त्याच्या वरचा हुंडेकरी, म्हणजे गाड्यांना माल मिळवून देणारा, भाडे उशिरा देतो. या साखळीत दुष्ट माणूस शोधायला गेलो तर मला तो कुठे सापडत नाही, जो तो आपल्यावर आलेला खोळंबा खालच्यावर ढकलतो. नानांच्या खाली ढकलायला कुणी नाही. पूर्वी गाडीवर किन्नर, म्हणजे चालकाचा मदतनीस, असे, दोघे आळीपाळीने झोपत. खर्च परवडत नाही म्हणून किन्नरही गेला.

त्या रात्रीनंतर मला माझ्या वडिलांची आठवण वारंवार येऊ लागली.

वडील पाटण खोऱ्यातले, कोयनेच्या काठच्या गावचे. तरुणपणी मुंबईला गेले ते मशीद बंदरच्या मसाल्याच्या गोदामांत पोती वाहायला. आमच्या खोऱ्यातली, जावळीतली, कोरेगावकडची कितीतरी माणसे त्याच वाटेने गेली. एका गावाची एक खोली, तिच्यात पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस जण, एका बाईची खानावळ आणि दर महिन्याची मनीऑर्डर. गणपतीला किंवा गावच्या जत्रेला ते घरी येत तेव्हा मी त्यांच्या मानेकडे पाहत बसे. मानेच्या मागच्या बाजूला, खांदा जिथे सुरू होतो तिथे, कातडी जाड होऊन तिला गाठीसारखा उंचवटा आला होता, आणि त्या उंचवट्याच्या घड्यांतून हळदीचा पिवळा रंग कधी जात नसे. आई तांबड्या साबणाने घासायची. बनियनच्या गळ्यालाही तोच रंग. ती हळद सांगलीची असे. आज मी ज्या जिल्ह्यात पगार घेतो त्याच जिल्ह्याच्या बाजारातून निघालेली शंभर किलोची पोती तिकडे माझ्या वडिलांच्या पाठीवरून उतरत होती, हे मला फार उशिरा लक्षात आले. मिरचीची पोती असली की त्या आठवड्यात पाठीची आग आग होई, असे ते सांगत.

सुरुवातीची वर्षे त्यांच्या कामाची कुठे नोंद नव्हती. सकाळी बाजारात उभे राहायचे, मुकादम बोट दाखवील तो आत, उरलेले बाहेर. गाडी आलीच नाही तर दिवसभर बसून राहायचे आणि रात्री हात हलवत खोलीवर परतायचे. पोते अंगावर पडून माणूस जायबंदी झाला तर गावकीच्या खोलीतले लोक वर्गणी काढून त्याला एस. टी.त बसवून देत. पुढे पाटण तालुक्यातल्याच मंद्रूळकोळे गावच्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्याने केलेली गोष्ट ऐकायला साधी आहे. मालक आणि कामगार या दोघांनी कायद्याने नेमलेल्या मंडळात नाव नोंदवायचे, मजुरी मंडळात भरायची, मजुरीवर मालकाकडून लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, घ्यायची आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस, दवाखाना यांची तजवीज करायची. आज या गाळ्यावर आणि उद्या त्या गाळ्यावर काम करणाऱ्या माणसाचा मालक कोण हा प्रश्न तोवर सुटत नव्हता; तो प्रश्न सोडवण्याच्या फंदात न पडता कायद्याने त्या माणसाला टोळीत, टोळीला मंडळात आणि मंडळाला वहीत आणून बसवले. मला या कायद्यातली ही युक्ती फार मोठी वाटते.

वडिलांचे ते जुने ओळखपुस्तक आमच्या ट्रंकेत आहे. फोटो, टोळीचा क्रमांक, डाव्या अंगठ्याचा ठसा. ते मिळाले त्या दिवशी त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना पेढे वाटले होते. पैसे वाढले म्हणून नव्हे, पैसे पुढे यथावकाश वाढले. “आता माझं नाव लिवलंय” असे ते म्हणाले होते, हे आई सांगते.

पाठीवरचे ओझे उतरवायला मात्र कायदा आला नाही, पेटी आली, म्हणजे कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या मूळच्या ट्रकवाल्याने आयडियल एक्स नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून त्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल जहाजावर चढवायला टनामागे ५.८६ डॉलर पडत होते, त्या जागी पेटीने १६ सेंटही पडले नाहीत, असा त्या खेपेचा हिशेब सांगितला जातो. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि देशातली कंटेनरची मोठी वाहतूक तिकडे गेली. (त्या बंदराच्या आणि नव्या मुंबईच्या जमिनींसाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये केलेल्या आंदोलनात पाच जणांचा गोळीबारात बळी गेला होता. जगाचा माल जिथून ये-जा करतो त्या जमिनीचा हा इतिहास आमच्या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.)

शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवरून गेले याचे मला दुःख नाही. वडिलांची मान ज्याने पाहिली आहे तो त्या दिवसांसाठी हळहळणार नाही. पण पेटी सीलबंद झाली आणि तिच्याबरोबर तिला पुढे नेणारी माणसेही जणू सीलबंद झाली. पूर्वी गोदामात वीस माणसांची टोळी एका जागी जमत होती, तिचा आवाज होत होता, ती एकत्र उठून जाऊ शकत होती, म्हणून तर संघटना बांधता आली. आता नाना एकटे आहेत. त्यांच्या पुढे-मागे दोनशे ट्रेलर उभे असले तरी प्रत्येक चालक आपापल्या केबिनमध्ये, आपापल्या मालकाच्या फोनवर, आपापल्या घाईत असतो. ज्यांना टोळी नाही त्यांचे मंडळ कसे करायचे, हे कोडे अण्णासाहेबांच्या काळापेक्षा आज अधिक अवघड झाले आहे.

पेटी समुद्रावर गेल्यानंतरची माणसे तर आणखी दूर. माझा भाचा एका मालवाहू जहाजावर इंजिनच्या खोलीत काम करतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो नऊ महिन्यांच्या करारावर गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये घरी आला. करोनाच्या काळात बंदरे माल उतरवून घेत होती, माणसाला उतरू देत नव्हती. त्या काळात एका वेळी सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार खलाशाला सलग अकरा महिन्यांहून अधिक जहाजावर ठेवता येत नाही, दर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते आणि त्या विश्रांतीची नोंद ठेवावी लागते. भारताने २०१५ मध्ये तो करार मान्य केला आहे. म्हणजे समुद्रावर तरी माणसाच्या झोपेची वही आहे, हे मला भाच्याकडूनच कळले. तरीही चौदा महिने झाले. त्या दिवसांत कराडला ताईकडे गेलो की ती जहाजाची जागा दाखवणारे मोबाइलमधले चित्र उघडून बसलेली असे. निळ्या पाण्यावर एक छोटा बाण. “आज हलला नाही गं बाई,” असे ती स्वतःशीच म्हणायची.

२३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले, तेव्हा सहा दिवस सारे जग मिनिटामिनिटाची बातमी घेत होते. जहाज सुटले आणि बातमी संपली. पण भरपाईचा वाद मिटेपर्यंत, म्हणजे ७ जुलैपर्यंत, ते जहाज इजिप्तने सोडले नाही, आणि त्यावरचे कर्मचारी भारतीय होते. सुएझच्याच किनाऱ्याजवळ तेव्हा आणखी एक जहाज उभे होते. अमान नावाच्या त्या जहाजाला मालकाने देणी थकवून वाऱ्यावर सोडले होते आणि कोर्टाने एका सीरियन अधिकाऱ्याला त्याचा कायदेशीर राखणदार ठरवले होते. तो जवळजवळ चार वर्षे त्या जहाजावर होता. शेवटी शेवटी एकटाच, विजेशिवाय. फोन चार्ज करायला आणि पाणी आणायला तो पोहून किनाऱ्यावर जात असे. तो अडकलेला असतानाच त्याची आई वारली. एप्रिल २०२१ मध्ये तो घरी गेला. अशी सोडून दिलेली जहाजे कमी होत नाहीत, वाढत आहेत. २०२४ या एका वर्षात ३०० हून अधिक जहाजे आणि ३,००० हून अधिक खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेल्याची नोंद झाली, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची होती. त्याच वर्षीच्या ६ मार्चला एडनच्या आखातात ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी मेले. आमच्याकडे त्या आठवड्यात द्राक्षांच्या दरावर बैठक चालू होती. मी त्या बैठकीत होतो आणि मीही दराबद्दलच बोललो.

मी धोरण ठरवणारा माणूस नाही. माझ्या हातात एक वही आहे. त्या हंगामाच्या शेवटी मी पॅकहाऊसच्या जावक वहीत तीन रकाने वाढवले. चालकाचे पूर्ण नाव आणि गाव, गाडी आवारात आल्याची वेळ, आणि गाडी पोचून रिकामी झाल्याची किंवा माल आत घेतला गेल्याची वेळ. मालक चांगले आहेत, तरी त्यांनी विचारले की याचा उपयोग काय, हे कोण मागणार आहे. मी म्हणालो, कुणी मागत नाही म्हणूनच लिहितो. त्यांनी थोडा विचार केला आणि निदान आपल्या आवारात जो वेळ जातो तो तरी कमी करता येतो का बघू, असे म्हणाले. त्यावर्षी आवारात दोन न्हाणीघरे आणि चालकांना पाठ टेकायला एक खोली झाली. टेबलाशी उभ्या राहणाऱ्या बायकांची नावे हजेरीपटावर होती, पण त्यांना बसायला उंच स्टुले नव्हती. ती यंदा आली. एवढेच झाले. बंदराकडच्या रांगेतले तास तेवढेच आहेत, मी ते फक्त लिहितो. दोन हंगामांच्या नोंदी माझ्याजवळ जमल्या आहेत आणि वाहतूकदारांशी भाड्याचा करार करताना हॉल्टिंगचा चालकाचा वाटा वेगळा लिहावा, असा अर्ज त्या नोंदी जोडून मी मालकांकडे दिला आहे. अजून उत्तर यायचे आहे.

परवा नानांची गाडी आली. माल भरायला अवकाश होता, म्हणून ते माझ्या टेबलापाशी येऊन बसले. चहा आला. वही उघडीच होती. त्यांनी चष्मा काढला, पुसून पुन्हा लावला आणि आपल्या नावाच्या ओळीवरून बोट सावकाश पुढे नेत शेवटपर्यंत वाचले. मग बोट मागे आणून एका आकड्यावर ठेवले.

“भाऊसाहेब, हितं चार लिवलंय,” ते म्हणाले. “मी पावणेचारला आलोय. वाचमनला इचारा.”

मी वॉचमनला विचारले. मग चारचा आकडा खोडून पावणेचार लिहिले, आणि खोडलेल्या जागी त्यांची सही घेतली.